नव्वद, शंभर... आणि मग शून्य!

“ताई, खरं सांगा, आता हिचं खेळणं बंद करू का?”

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतली एक मैत्रीण दारातच उभी राहून मला विचारत होती. आत ये म्हटलं तर आत येईना. हंगामात ती मिरचीच्या पथारीवर देठं खुडायला जाते. नंदुरबारच्या बायकांना हे काम काय असतं ते वेगळं सांगायला नको. घरी आल्यावर दोन-दोनदा हात धुतले तरी डोळ्याला बोट लावायची सोय नाही! तशाच आग होणाऱ्या हातांनी पदर सावरत ती लेकीविषयी बोलत होती.

लेक नववीत आहे. खो-खो खेळते. पळतीला उतरली की बघत राहावं अशी. गेल्या वर्षी शाळेच्या स्पर्धेत हुलकावणी द्यायला गेली, पाय जमिनीत रुतला आणि अंग मात्र वळलं. कुणी ढकललं नाही, कुणाचा धक्का लागला नाही, तरी गुडघा धरून पोर खाली बसली. तासाभरात गुडघा नारळाएवढा सुजला. सुरतच्या गाडीत बसवून डॉक्टरांकडे नेलं. गुडघ्यातला एक बंध अर्धवट फाटला होता. ऑपरेशन टळलं, पण आठ महिने मैदान बंद!

आठ महिन्यांनी पोरगी परत उतरली. पहिल्याच सामन्यात दोन मिनिटं दहा सेकंद पळाली. सगळ्या गल्लीला पेढे वाटले. पण पुढच्या सामन्यात ती चाळीस सेकंदांत बाद. त्याच्या पुढच्यात तीस सेकंद. नंतरच्या सामन्यात तर आत आली आणि बाद झाली. मग काय, घरात सुरू झालं. आजी म्हणते, “बरी व्हयनी का व माय? काही बरी नाही झाली. पायाला कायमची खोड राहिली म्हणजे उद्या पोरीला करून कोण घेईल?” वडील काही बोलत नाहीत, पण त्यांचं न बोलणंही ऐकू येतं. आणि पोरगी? ती रात्री अंथरुणात तोंड खुपसून रडते.

“पहिल्या दिवशी एवढं चांगलं पळाली, मग आताच काय झालं? का उगीच नाटकं करते?” आईचा हा प्रश्न खरा होता. तिला मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी चहा ठेवला. आणि चहा उकळेपर्यंत तिला सांगलीच्या एका मुलीची गोष्ट सांगितली. ती मुलगी तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे, पण तिची ही गोष्ट बहुतेक जणी विसरल्या असतील.

सांगलीची स्मृती

स्मृती मानधना. जन्म मुंबईचा, १८ जुलै १९९६ चा. पण दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीजवळच्या माधवनगरला आलं आणि ती सांगलीचीच झाली. थोरला भाऊ श्रवण क्रिकेट खेळायचा. भावाचं बघून हिनंही बॅट धरली. नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात! आपल्याकडे या वयातल्या पोरीला अजून एकटीला दुकानात पाठवायलाही आपण दहादा विचार करतो.

घरानं काय केलं ते बघा. वडील श्रीनिवास यांनी तिच्या क्रिकेटचं वेळापत्रक सांभाळलं. आई स्मिता यांनी तिचं खाणंपिणं, कपडे, बाकीची सगळी व्यवस्था बघितली. भाऊ तिला सरावाला चेंडू टाकत राहिला. एका मुलीच्या खेळामागं अख्खं घर उभं होतं. २०१३ मध्ये बडोद्याला गुजरातविरुद्ध तिनं १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा काढल्या तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात होबार्टला तिनं एकदिवसीय सामन्यातलं पहिलं शतक काढलं आणि त्याच वर्षी जगातल्या उत्तम महिला खेळाडूंचा जो संघ आयसीसीनं निवडला, त्यात भारताची ती एकटीच होती.

सगळं कसं छान चाललं होतं. आणि मग जानेवारी २०१७ आला.

ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश स्पर्धेत ती ब्रिस्बेन हीट या संघाकडून खेळत होती. फिल्डिंग करताना, तेही शेवटच्या षटकात, तिचा पाय वेडावाकडा पडला. गुडघा गेला! ज्या बंधाला डॉक्टर ‘एसीएल’ म्हणतात, नेमका तोच दुखावला. वय वीस. विश्वचषक स्पर्धा अवघ्या पाच महिन्यांवर.

गुडघ्यात असतं तरी काय?

मैत्रिणींनो, हा एसीएल म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ. कारण ही दुखापत फक्त मोठ्या खेळाडूंना होते असं नाही. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या आपल्या लेकींनाही होते.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्यात एकमेकांना टेकतात. ती जागेवर राहावीत म्हणून आत मजबूत दोऱ्या बांधाव्यात तसे बंध असतात. त्यातला हा एक बंध गुडघ्याच्या मधोमध तिरका जातो. नडगीचं हाड पुढं सरकू नये आणि वळताना गुडघा निसटू नये, हे त्याचं काम. सरळ चालताना त्याच्यावर फारसा ताण येत नाही. पण पळता पळता एकदम थांबलं, दिशा बदलली, उडी मारून एका पायावर आलं, की त्याची परीक्षा होते. म्हणूनच पुष्कळदा कुणाचाही धक्का न लागता तो फाटतो. आतून ‘कट्’ असा आवाज आल्यासारखा वाटतो आणि काही तासांत गुडघा सुजतो.

आणखी एक गोष्ट प्रत्येक आईला ठाऊक असावी. पळण्या-वळण्याच्या खेळांत ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना जास्त होते. कितीतरी देशांतल्या अभ्यासांत हे दिसलं आहे. वयात येताना मुलींची उंची आणि वजन भराभर वाढतं, कंबरेची ठेवण बदलते, पण मांडीच्या आणि कंबरेच्या स्नायूंची ताकद त्या वेगानं वाढत नाही. उडी मारून खाली येताना पुष्कळ मुलींचा गुडघा आतल्या बाजूला वळतो. त्यातून आपल्या मुलींना ताकदीचे व्यायाम कुणी शिकवत नाही. मुलांनी जोर-बैठका काढाव्यात आणि मुलींनी मात्र नुसतं पळावं, हा आपला रिवाज! म्हणजे यात निसर्गाइतकाच आपलाही वाटा आहे.

आणि हा बंध फाटला की बरं व्हायला महिने लागतात. आधी सूज उतरवायची. मग गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा. मग मांडीचे स्नायू, जे पंधरा दिवसांच्या आरामातही पार वाळून जातात, ते पुन्हा भरून आणायचे. मग एका पायावर तोल. मग सरळ पळणं. आणि सगळ्यात शेवटी वळणं, उडी मारणं, हुलकावणी देणं. ऑपरेशन करून नवा बंध बसवला असेल तर साधारण नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये, असं आता बहुतेक तज्ज्ञ सांगतात. घाई केली तर तोच गुडघा, नाहीतर दुसरा, पुन्हा दुखावण्याचा धोका असतो.

पाच महिने

स्मृतीचे ते पाच महिने बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत व्यायाम करण्यात गेले. बाहेर क्रिकेट तिच्यासाठी थांबलं नव्हतं. फेब्रुवारीत कोलंबोला विश्वचषकाची पात्रता फेरी झाली, भारतानं ती जिंकली. स्मृती नव्हती. मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत चार देशांची मालिका झाली. तिथं १५ मे रोजी दीप्ती शर्मा आणि आपल्या मुंबईची पूनम राऊत यांनी आयर्लंडविरुद्ध सलामीला तब्बल ३२० धावांची भागीदारी केली! दीप्तीच्या १८८, पूनमच्या १०९. महिला क्रिकेटमध्ये असं आधी कधी घडलं नव्हतं.

विचार करा. आपली जागा सलामीची. आपण अकादमीत पाय वर-खाली करत बसलो आहोत. आणि आपल्या जागेवर आलेल्या मुली विश्वविक्रम करताहेत. आनंदही होणार आणि पोटात खड्डाही पडणार. माहेरी बाळंतपणाला गेलेल्या सुनेला कळावं, की आपल्याशिवाय घर मस्त चाललं आहे, तसंच काहीसं!

तरी निवड समितीनं तिला विश्वचषकाला नेलं. आणि सलामीलाच पाठवलं.

२४ जून २०१७. इंग्लंडमधलं डर्बी. समोर यजमान इंग्लंड. स्मृतीनं ७२ चेंडूंत ९० धावा कुटल्या. पूनमबरोबर १४४ धावांची सलामी दिली. भारत ३५ धावांनी जिंकला. पाच दिवसांनी टाँटनला वेस्ट इंडिजविरुद्ध तिनं नाबाद १०६ धावा काढल्या. पुन्हा विजय. सांगलीच्या या मुलीचं नाव घराघरांत पोचलं. झालं, पोरगी बरी झाली, गुडघा झकास झाला, असंच सगळ्यांनी म्हटलं असणार!

आता पुढचे आकडे वाचा.

पाकिस्तानविरुद्ध २. श्रीलंकेविरुद्ध ८. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ४. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३. न्यूझीलंडविरुद्ध १३. मग तिचा एकविसावा वाढदिवस झाला. त्यानंतर दोन दिवसांनी उपांत्य सामना, ज्यात हरमनप्रीत कौरनं नाबाद १७१ धावांची ती अजब खेळी केली. त्यात स्मृतीच्या ६. आणि २३ जुलैला लॉर्ड्सवरचा अंतिम सामना. सगळा देश टीव्हीसमोर बसलेला. स्मृती त्रिफळाचीत. धावा शून्य!

भारत तो सामना अवघ्या ९ धावांनी हरला. पूनम राऊतच्या ८६ धावाही कामी आल्या नाहीत.

पहिल्या दोन डावांत १९६ धावा आणि नंतरच्या सात डावांत मिळून ३६. नऊ सामन्यांची बेरीज २३२.

गुडघा तर तोच होता

इथवर सांगून झाल्यावर मी मैत्रिणीला विचारलं, “आता मला सांग, स्मृतीचा गुडघा २४ जूनला बरा होता आणि २३ जुलैला बिघडला होता का?”

ती गप्प. मग म्हणाली, “गुडघा तर तोच असंल ना ताई.”

तोच! नव्वद धावा काढणारा गुडघा तोच आणि शून्यावर परतणाराही तोच. म्हणजेच धावांचा फळा हा काही डॉक्टरचा रिपोर्ट नव्हे. चांगला दिवस आला म्हणून पाय पूर्ण बरा झाला असं नाही, आणि वाईट दिवस आला म्हणून पाय कायमचा गेला असंही नाही. आपण मात्र दोन्ही वेळा चुकतो. पहिल्या दिवशी पेढे वाटतो आणि चौथ्या दिवशी खेळ बंद करायला निघतो.

कित्येक महिन्यांनी परत आलेल्या खेळाडूचं असं वरखाली होतंच. पहिल्या सामन्यात उत्साह असतो, गमावण्यासारखं काही नसतं. समोरच्यांनीही तिला बरेच दिवस बघितलेलं नसतं. मग दिवस जातात, समोरचे तिचा खेळ पुन्हा ओळखतात. आणि महिनोन्‌महिने सामन्याचा सराव नसला की ताकद परत आली तरी अंदाज परत यायला वेळ लागतो. कधी वळायचं, किती झुकायचं, हा हिशेब पाय करतात, डोकं नव्हे. त्यात मनात भीती. ज्या वळणावर पाय गेला तेच वळण समोर आलं की पाऊल क्षणभर थबकतं. खो-खोमध्ये क्षणभर म्हणजे बाद! पोरगी नाटक करत नसते. तिचं अंग तिला जपत असतं.

त्या विश्वचषकात स्मृतीच्या पाठोपाठ पाच-सहा डाव फुकट गेले. तरीही कर्णधार मिताली राजच्या संघात ती नऊच्या नऊ सामने खेळली. तिला बाहेर बसवलं नाही. हा भरवसा साधा नव्हता.

मग पुढं काय झालं? फेब्रुवारी २०१८ मध्ये संघ दक्षिण आफ्रिकेला गेला. किंबर्लीला पहिल्या सामन्यात स्मृतीनं ८४ आणि दुसऱ्यात १३५ धावा काढल्या. त्या वर्षी १२ एकदिवसीय सामन्यांत तिच्या ६६९ धावा झाल्या आणि आयसीसीनं तिला वर्षातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरवलं. लॉर्ड्सवरचं शून्य आणि हा मान, यांत दीड वर्षाचंही अंतर नाही. त्या शून्यानंतर कुणी “आता पुरे” म्हटलं असतं तर?

आणि आपलं घर?

हे सगळं खेळाडूंचं झालं. पण मला सांगा, आपल्या घरात काही वेगळं असतं का?

पिशवीचं ऑपरेशन झालेली बाई तिसऱ्या आठवड्यात एक दिवस बरं वाटलं म्हणून पुरणपोळीचा स्वयंपाक करते. झालं! घरानं धरून चाललं, की आता ही बरी झाली. दुसऱ्या दिवशी तिला उठवत नाही, तेव्हा ऐकावं लागतं, “काल तर ठणठणीत होतीस!” हात मोडून प्लास्टर निघालेली सासू एक दिवस भाकऱ्या थापते आणि दोन दिवस हात धरून बसते. बाळंतीण एक दिवस हसते, एक दिवस रडते. बरं होणं असंच असतं. तो काही जिना नव्हे, की एक-एक पायरी वर चढलं. तो आपला तोरणमाळचा घाट आहे. वळणावर वाटतं, आलंच आता वर. आणि पुढं गेलं की रस्ता पुन्हा खाली उतरतो. पण उतार लागला म्हणून कुणी तिथून घरी परत फिरत नाही.

दुखणं दिसतं तोपर्यंत आपण माणसाला जपतो. पट्टी निघाली, काठी सुटली, की आपली जपणूकही संपते. आणि खरी गरज तर त्याच्या पुढं असते.

मग बघायचं काय?

मैत्रिणीला मी म्हटलं, किती सेकंद पळाली ते महिनाभर मोजू नकोस. दुसरंच मोज.

गुडघा रोज सकाळी बघ. खेळून आल्यावर सुजतो का? दुसऱ्या दिवसापर्यंत सूज राहते का? पायऱ्या उतरताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो का, मध्येच अडकतो का? यातलं काहीही होत असेल तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तिथं “बघू पुढं” चालत नाही.

दुखऱ्या पायाची मांडी आणि चांगल्या पायाची मांडी शेजारी ठेवून बघ. घरातल्या शिवणाच्या टेपनं मोजलंस तरी फरक कळेल. मग दोन्ही पायांवर एकेक करून लंगडी घालायला लाव. चांगल्या पायावर जेवढी लांब उडी पडते, दुखऱ्या पायावर निदान तिच्या नव्वद टक्के तरी पडायला हवी. फिजिओथेरपिस्टही अशाच चाचण्या घेतात. एवढंच नव्हे, ते आणखी पुष्कळ काही तपासतात. मोठमोठ्या शहरांत त्यांची फी परवडत नाही हे खरं. पण सरकारी जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो, तिथं चौकशी करावी. एकदा व्यायाम नीट शिकून घेतले, की ते घरच्या ओट्यावर, भिंतीला टेकून, काही खर्च न करता करता येतात.

आणि ज्यांच्या लेकींना काही झालेलं नाही त्यांनीही ऐका. शाळेतल्या सरांना, मॅडमना विचारा, की सामन्याआधी पोरींकडून नुसत्या दोन फेऱ्या पळवून घेता, की उडी मारून दोन्ही गुडघे थोडे वाकवून, ते आत वळू न देता खाली यायलाही शिकवता? मांडीचे, कंबरेचे, तोलाचे असे व्यायाम नियमानं केले तर गुडघ्याच्या दुखापती कमी होतात, हे सिद्ध झालेलं आहे. त्याला ना यंत्र लागतं, ना पैसा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. आणि कुणीतरी विचारणारं लागतं.

स्मृतीला अकादमी मिळाली, आपल्या पोरीला कुठून मिळणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या मुलीला तर साधा एक्स-रे काढायलाही दिवस मोडावा लागतो. हा फरक मी लपवणार नाही. पण स्मृतीला आणखी एक गोष्ट मिळाली होती, जी अकादमीत मिळत नाही. वाईट दिवसांतही पाठीशी उभं राहणारं घर. ते नंदुरबारला, शहाद्याला, नवापूरलाही देता येतं.

नऊ डावांची बेरीज

अलीकडची गोष्ट तर तुम्हाला आठवतच असेल. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेत स्मृतीच्या ४३४ धावा झाल्या, भारताकडून सर्वांत जास्त. पण सुरुवात कशी होती? ८, २३, २३. तिच्यावर टीकाही झाली. पुढचे तीन डाव मात्र ८०, ८८ आणि १०९! अंतिम सामन्यात तिनं ४५ धावा काढल्या आणि शफाली वर्माबरोबर शंभरावर सलामी दिली.

शफाली मुळात त्या संघात नव्हतीच. सलामीची प्रतिका रावल फिल्डिंग करताना पाय दुखावून बाहेर पडली म्हणून ऐन वेळी तिला बोलावलं गेलं. न्यूझीलंडविरुद्ध १२२ धावा काढणारी, स्पर्धेत ३०८ धावा केलेली प्रतिका त्या रात्री चाकाच्या खुर्चीवर बसून जल्लोषात आली. सगळ्या जगानं ते बघितलं. मला मात्र २०१७ ची स्मृती आठवली. आपल्या जागेवर दुसरी खेळते आहे, आणि आपण टाळ्या वाजवायच्या. त्या खुर्चीनंतरचे महिने किती अवघड असतात ते स्मृतीइतकं त्या संघात कुणाला ठाऊक असणार!

खो-खोचंच म्हणाल, तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून तो जिंकला. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. राज्यात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. म्हणजे पोरीचं पळणं हा आता केवळ उन्हातान्हातला उनाडपणा राहिलेला नाही. पण मी मैत्रिणीला हे सगळ्यात शेवटी सांगितलं. कारण कप मिळणार, नोकरी लागणार म्हणूनच पोरीला पाठिंबा द्यायचा, असं झालं तर पुन्हा फळ्यावरचे आकडेच मोजल्यासारखं होईल.

चहा केव्हाच संपला होता. ती उठली. दारात जाऊन पुन्हा थांबली.

“आजीला काय सांगू?”

“आजीला म्हणावं, पाय कसा आहे ते डॉक्टर सांगतील, फळा नाही.”

ती हसली. दुसऱ्या दिवशी पोरगीच माझ्याकडे आली. हातात एक जुनी वही, अर्धी गणितं सोडवलेली. उरलेल्या पानांवर आईनं पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले होते: तारीख, व्यायाम, सूज आहे की नाही, मांडीचं माप. “आईनं करून दिली,” ती म्हणाली. मी पानं उलटून बघितली. सेकंदांचा रकाना कुठंच नव्हता.

पुढच्या सामन्यात ती किती पळाली? पन्नास सेकंद. गल्लीत ना पेढे वाटले गेले, ना कुणी रडलं. संध्याकाळी आईनं गुडघ्यावर हात फिरवून बघितला आणि वहीत लिहिलं: सूज नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणी दुखण्यातून उठून पुन्हा उभी राहात असेल, लेक असो, सून असो, सासू असो की तुम्ही स्वतः, तर तिच्या एका दिवसावरून निकाल लावू नका. तिला निदान नऊ डाव तरी खेळू द्या. आणि बेरीज घाईनं करू नका!